शनिवारी पहाटे तीनला जागे कोण? डिस्क कंट्रोलरच्या देखभालीचे वेळापत्रक

सर्व्हरमधील डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या एका प्रचलित मालिकेत, मेगारेडमध्ये, कारखान्यातूनच एक वेळ भरून आलेली असते: दर शनिवारी, पहाटे तीन वाजता. त्या वेळी कंट्रोलर आपल्या ताब्यातील डिस्कांवरील नोंदी एकमेकींशी जुळतात की नाही हे पाहू लागतो. दुसरी एक तपासणी दर १६८ तासांनी, म्हणजे आठवड्यातून एकदा, आपणहून सुरू होते. लिनक्सच्या डेबियन आवृत्तीत हेच काम वर्षानुवर्षे महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर १२ वाजून ५७ मिनिटांनी नेमलेले आढळते. वेळा निरनिराळ्या असल्या तरी त्यांमागचे गृहीत एकच आहे. रात्री माणसे झोपलेली असतात आणि यंत्र चालू असते.

मोठ्या डेटा सेंटरमध्ये हे गृहीत खरे ठरते. तालुक्याच्या गावातील कार्यालय, सहकारी पतसंस्था, शाळा किंवा वाचनालय यांच्या बाबतीत मात्र त्याचा उत्तरार्ध बहुधा खोटा असतो. तेथे साडेपाच वाजता शिपाई दिवे, पंखे आणि संगणक बंद करतो, शेवटी मुख्य कळ खाली ओढतो आणि कुलूप लावतो. शनिवारी पहाटे तीन वाजता त्या खोलीत जागे कोणीच नसते, कंट्रोलरही नसतो. कागदोपत्री देखभाल नेमलेली असते आणि ती कधीच होत नाही. हा विषय वरकरणी केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. पण ज्यांचे सातबाराचे उतारे, खातेवह्या आणि जुने दस्त आज अशा डिस्कांवर आहेत त्या सर्वांचा तो आहे.

मुधोळचे कागद

उदाहरणासाठी मुधोळ हे गाव घेऊ. मुधोळ म्हटल्यावर गोमंतकीय वाचकाच्या मनात कर्नाटकातील, शिकारी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेले मुधोळ उभे राहील. हे मुधोळ निराळे. ते तेलंगणात, गोदावरीच्या उत्तरेला, नांदेड जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे. बासरचे ज्ञानसरस्वतीचे मंदिर त्याच परिसरातले. जुन्या हैदराबाद संस्थानात मुधोळ हा नांदेड जिल्ह्याचा तालुका होता. १९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्याने नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेला. मात्र मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर ही मंडळे आणि देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे त्यातून वगळून आंध्र प्रदेशाला जोडली गेली. पुढे मुधोळ आदिलाबाद जिल्ह्यात राहिले, २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्यात आले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी नव्या निर्मल जिल्ह्यात मोडू लागले. घर जागचे हलले नाही, पण त्याच्या पत्त्यातील राज्य आणि जिल्हा बदलत गेले.

अशा सीमेवरच्या गावातील कागदांना एक विशेष गुण असतो. त्यांची रोज गरज पडत नाही. १९५६पूर्वीचा एखादा वाटणीपत्राचा कागद, उर्दूतील महसुली नोंद, मराठी शाळेचा दाखला एकदा स्कॅन करून ठेवला की दहा-पंधरा वर्षे त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मग सीमेपलीकडच्या भावकीशी वाद उभा राहतो, जातीचा किंवा रहिवासाचा पुरावा मागितला जातो, आणि त्याच एका फाईलवर सारे येऊन ठेपते. गोव्यात पोर्तुगीज राजवटीतील जमिनीचे दस्त, कोमुनिदादींची दप्तरे आणि मोडी लिपीतील कागद यांची स्थिती याहून वेगळी नाही. रोज उघडल्या जाणाऱ्या फाईलचा बिघाड रोजच्या रोज कळतो. जी फाईल कोणी उघडतच नाही तिचा बिघाड कळायचा कसा? पार्श्वभूमीवर चालणाऱ्या देखभालीचे सारे प्रयोजन या प्रश्नात आहे.

ताळा

एका डिस्कवर विसंबून राहू नये म्हणून अनेक डिस्कांचा एक संच करण्याची पद्धत आहे. तिला रेड म्हणतात. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या बर्कले येथील तिघांनी १९८८मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे हे नाव रूढ झाले. संचावर देखरेख करणारे कार्ड किंवा प्रणाली म्हणजे कंट्रोलर.

त्याची युक्ती शाळेत शिकवल्या जाणाऱ्या ताळ्यासारखीच आहे. तीन डिस्कांवर ७, ४ आणि ९ हे आकडे असले तर चौथ्या डिस्कवर त्यांची बेरीज २० ठेवावी. दुसरी डिस्क निकामी झाली तरी २०मधून ७ आणि ९ वजा केले की हरवलेले ४ परत मिळतात. प्रत्यक्षात कंट्रोलर बेरजेऐवजी द्विमान अंकांची एक सोपी तुलना वापरतो आणि ताळ्याचा अंक सर्व डिस्कांवर आळीपाळीने वाटतो. पण तत्त्व हेच. या ताळ्याला पॅरिटी म्हणतात. एका पॅरिटीचा संच एक डिस्क गेली तरी तग धरतो, दोन पॅरिटींचा दोन गेल्या तरी.

मात्र या हिशेबाला एक अट आहे. गेलेली डिस्क भरून काढायची तर उरलेल्या सर्व डिस्का अथपासून इतिपर्यंत वाचता आल्या पाहिजेत. त्या क्षणी ९ हा आकडाही पुसट झालेला निघाला तर २० आणि ७ एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

तो आकडा पुसट का व्हावा? डिस्कच्या पृष्ठभागावरील एखादा सूक्ष्म भाग, ज्याला सेक्टर म्हणतात, काळाच्या ओघात वाचण्यापलीकडे जातो. कधी पृष्ठभागाला ओरखडा पडतो, कधी लिहितानाच चुंबकीय ठसा कच्चा उमटतो. डिस्क त्याबद्दल ब्र काढत नाही, कारण तो भाग वाचायचा प्रसंग येईपर्यंत तिलाही त्याचा पत्ता नसतो. तंत्रज्ञ याला सुप्त दोष म्हणतात. विस्कॉन्सिन विद्यापीठ आणि नेटॅप कंपनी यांच्याशी संबंधित संशोधकांनी २००७मध्ये १५ लाख ३० हजार डिस्कांचा ३२ महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३.४५ टक्के डिस्कांत असे सुप्त दोष आढळले, म्हणजे साधारणपणे दर २९ डिस्कांमागे एक. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे: या दोषांपैकी ६० टक्क्यांहून अधिक दोष वापरकर्त्याने फाईल उघडल्यामुळे नव्हे, तर पार्श्वभूमीवरील तपासणीमुळे सापडले होते. ती तपासणी झाली नसती तर ते तसेच दबा धरून बसले असते.

डिस्कांचे उत्पादक आपल्या माहितीपत्रकात एक आकडा छापतात. साध्या डिस्कांसाठी तो बहुधा असा असतो की १०० लाख कोटी बिटे वाचताना न वाचता येणारा प्रसंग एकापेक्षा अधिक वेळा येऊ नये. १०० लाख कोटी बिटे म्हणजे १२.५ टेराबाइट. आता चार टेराबाइटच्या चार डिस्कांचा संच घ्या. एक गेली की उरलेल्या तीन मिळून १२ टेराबाइट वाचावे लागतात. हा आकडा कमाल मर्यादेचा आहे आणि बऱ्याच डिस्का त्याहून चांगल्या निघतात हे खरे. तरीही पुनर्बांधणीच्या ऐन वेळी पहिल्यांदाच संपूर्ण डिस्क वाचण्याचा प्रयोग करणे ही जोखीम आहे, हे सांगायला गणिती असण्याची गरज नाही.

गस्त, ताळ्याची फेरी आणि बॅटरी

कंट्रोलरच्या पार्श्वभूमीवरील कामांत पहिले काम गस्तीचे. मेगारेडच्या यादीत ते 'पॅट्रोल रीड' या नावाने दिसते. येथे पेट्रोलशी काही संबंध नाही. रात्रीचा गुरखा काठी आपटत आळीतून फिरतो ती ही गस्त. कंट्रोलर प्रत्येक डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचत जातो. एखादा सेक्टर वाचता आला नाही तर संचातील इतर डिस्कांवरून त्यातील मजकूर काढतो आणि पुन्हा लिहून ठेवतो. डिस्क तो मजकूर आपल्या राखीव जागेत घेते. संच धडधाकट असताना ही दुरुस्ती क्षणाची असते. हाच सेक्टर एक डिस्क गेल्यानंतर सापडला तर दुरुस्तीला आधारच उरत नाही. काही कंट्रोलर अशा वेळी तेवढ्या भागावर खराब अशी खूण करून पुढे जातात, काही पुनर्बांधणीच थांबवतात.

गस्तीचा आणखी एक उपयोग आहे, आणि या लेखकाच्या मते तो दुरुस्तीपेक्षाही मोलाचा आहे. गूगलच्या तिघा संशोधकांनी २००७मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्या डिस्कमध्ये पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष सापडतो ती पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असते, असे तीत दिसून आले. उष्णतेने डिस्का मरतात या सार्वत्रिक समजुतीला मात्र त्या पाहणीने फारसा दुजोरा दिला नाही. ज्या आदिलाबाद पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेथील माणसाला हे पटणे कठीण. आणि वातानुकूलित डेटा सेंटरमधील निष्कर्ष पत्र्याखालच्या खोलीला जसाच्या तसा लावूही नये. पण पहिला दोष ही सूचना समजावी, हे दोन्हीकडे खरे आहे. दोन महिन्यांची पूर्वसूचना मिळाली तर नवी डिस्क हैदराबादहून किंवा नांदेडहून निवांत मागवता येते.

दुसरे काम ताळ्याच्या फेरीचे, 'कन्सिस्टन्सी चेक'चे. गस्तीत सेक्टर वाचता येतो का एवढेच पाहिले जाते. ताळ्याच्या फेरीत वाचलेले आकडे एकमेकांशी जुळतात का हे पाहिले जाते. लिहिण्याच्या मध्यावर वीज गेली तर ४च्या जागी ५ लिहिले जाते आणि बेरीज मात्र २०च राहते. दोन्ही सेक्टर स्वच्छ वाचता येतात, तरी हिशेब चुकलेला असतो. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या गोव्याच्या वाड्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको.

या फेरीबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे, आणि विक्रेते ती क्वचितच सांगतात. विसंगती सापडली की एका पॅरिटीच्या संचाला फक्त एवढेच कळते की काहीतरी चुकले आहे. ५ चूक की २० चूक हे त्याला कळत नाही. बहुतेक कंट्रोलर डिस्कवरचा मजकूर खरा धरतात आणि बेरीज बदलून २१ करतात. म्हणजे फेरीनंतर ताळा जुळतो, पण जुळलेला ताळा म्हणजे खरा मजकूर असे नव्हे. लिनक्सच्या प्रणालीत यासाठी दोन निरनिराळ्या आज्ञा आहेत, एक केवळ विसंगती मोजणारी आणि दुसरी दुरुस्त करणारी. आधी मोजावे, आकडा पाहावा, प्रतींशी ताडून पाहावे आणि मगच दुरुस्तीला हात घालावा. प्रती वेगळ्या ठेवणे अपरिहार्य आहे ते यासाठीच. रेड हा प्रतींचा पर्याय नव्हे.

जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेने २००७मध्ये आपल्या ४९२ यंत्रांवर चार आठवडे ही फेरी चालवली, तेव्हा सुमारे ३०० ठिकाणी दुरुस्ती करावी लागली. जगातील उत्तमोत्तम अभियंते ज्या यंत्रांवर लक्ष ठेवून होते त्यांची ही गोष्ट.

तिसरे काम पुनर्बांधणीचे. ते वेळापत्रकात बसत नाही, कारण डिस्क कधी जाईल हे तिथी पाहून ठरत नाही. ते सुरू झाले की बाकी सर्व कामे बाजूला सारावीत, एवढाच नियम.

चौथे काम अनेकांना ठाऊकच नसते, आणि तक्रारी मात्र सर्वाधिक त्याच्याच येतात. बऱ्याच कंट्रोलरांवर वेगवान स्मृतीचा एक तुकडा आणि तिला जिवंत ठेवणारी बॅटरी असते. मजकूर आधी स्मृतीत घेऊन 'लिहिले' असे सांगून टाकायचे आणि सवडीने डिस्कवर उतरवायचे, अशी ही सोय आहे. वीज गेली तरी बॅटरीमुळे मजकूर टिकतो. बॅटरीचा जोर किती उरला आहे हे कळण्यासाठी कंट्रोलर साधारण एक ते तीन महिन्यांनी ती पूर्ण रिकामी करून पुन्हा भरतो. त्या काळात तो स्मृतीवर भरवसा ठेवत नाही आणि प्रत्येक नोंद थेट डिस्कवर लिहू लागतो. लिहिण्याचा वेग एकदम घसरतो. पतसंस्थेत नेमक्या मार्चअखेरच्या दिवशी ही फेरी आली तर रांगेतील लोक कारकुनाला बोल लावतात, कारकून सॉफ्टवेअरवाल्याला, आणि खरा कारणकर्ता टेबलाखालच्या पेटीत शांतपणे आपली बॅटरी भरत असतो. नव्या कंट्रोलरांत बॅटरीऐवजी कपॅसिटर आल्यामुळे ही फेरी आखूड झाली आहे. जुने यंत्र असेल तर मात्र तिची पुढची तारीख पाहून ठेवावी आणि ती कामाच्या गर्दीपासून दूर सरकवावी. बहुतेक कंट्रोलरांत तशी सोय असते.

फुरसत कशाला म्हणावे?

आता वेळापत्रकाकडे. दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढतात. तपासणी जितकी वारंवार तितके सुप्त दोष लवकर सापडतात. पण तपासणी चालू असताना डिस्क दुसऱ्या कामाला अपुरी पडते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एक फेरा पूर्ण करायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. डिस्कचा काटा गस्तीसाठी एका टोकाला गेला असेल आणि त्याच क्षणी खिडकीवरच्या माणसाचा उतारा दुसऱ्या टोकाला असेल, तर त्या माणसाला काटा परतण्याची वाट पाहावी लागते. एका वेळी हे जाणवत नाही. सेकंदाला शंभर वेळा घडले की 'आज सिस्टीम स्लो आहे' हे वाक्य जन्माला येते.

यावर कंट्रोलरचे उत्तर दुहेरी असते. एक, पार्श्वभूमीच्या कामांना एकूण ताकदीचा ठराविक हिस्साच द्यायचा; मेगारेडमध्ये हा हिस्सा मुळात ३० टक्के असतो. दोन, शांतता पाहूनच काम सुरू करायचे. शेवटची मागणी येऊन गेल्यावर कंट्रोलर थोडा काळ थांबतो. तेवढ्यात नवी मागणी आली नाही तर फुरसत आहे असे समजून गस्तीचा एक तुकडा वाचतो. थांबण्याचा काळ फार लहान ठेवला तर दोन मागण्यांमधल्या श्वासालाच फुरसत समजले जाते, फार मोठा ठेवला तर गस्त पुढे सरकतच नाही.

मग प्रश्न उरतो तो दिवस आणि घटका ठरवण्याचा, आणि येथे कारखान्याचे पंचांग आपल्या पंचांगाशी जुळत नाही. बासरला वसंत पंचमीला मुलांच्या अक्षराभ्यासासाठी लोटणारी गर्दी पाहिली तर त्या परिसरातील एखाद्या निवासाच्या नोंदणीचे यंत्र त्या आठवड्यात रात्रंदिवस राबणार, हे सांगायला नको; ती तारीख अमेरिकेतील उत्पादकाला कशी कळावी? बासरलाच २००८मध्ये स्थापन झालेले राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. निवासी विद्यापीठातील विद्यार्थ्यांची रात्र मध्यरात्रीनंतर सुरू होते, हे वसतिगृहात राहिलेला प्रत्येक जण जाणतो. तशा ठिकाणी पहाटेचे तीन निवांत धरणे धाडसाचे. गोव्यात चतुर्थीच्या सुटीत सरकारी कार्यालये सलग बंद असतात. संपूर्ण तपासणीला वर्षातील याहून चांगला मुहूर्त नाही. आणि नेमकी त्याच वेळी, वीज वाचावी आणि आग लागू नये या रास्त हेतूने, मुख्य कळ खाली केलेली असते.

आणखी एक बारीक खोच घड्याळाची. कंट्रोलरला स्वतःचे घड्याळ असते आणि काही ठिकाणी ते भारतीय प्रमाणवेळेऐवजी जागतिक प्रमाणवेळेवर राहून जाते. तेथील शनिवारचे पहाटेचे तीन म्हणजे आपले शनिवारचे सकाळचे साडेआठ. ज्या कार्यालयाला शनिवारी अर्धा दिवस काम असते तेथे तपासणी कामाच्या तोंडावर सुरू होते. किती वेळ चालते ते पाहू. चार टेराबाइटची डिस्क सेकंदाला सरासरी १५० मेगाबाइट या वेगाने वाचली तर सुमारे ७ तास २५ मिनिटे लागतात. ताकदीचा ३० टक्केच हिस्सा मिळाला तर तेच काम जवळजवळ २५ तासांवर जाते. दर शनिवारी सर्व काही संथ चालते आणि सोमवारी आपोआप सुरळीत होते, अशी तक्रार असेल तर विषाणू शोधण्यापूर्वी कंट्रोलरचे घड्याळ पाहावे.

संध्याकाळी बंद होणारे यंत्र

मूळ अडचण मात्र अजून तशीच आहे. जे यंत्र सकाळी दहाला सुरू होऊन साडेपाचला बंद होते त्याने तपासणी करावी केव्हा?

नेमलेल्या वेळी यंत्र बंद असले तर पुढे काय, हे प्रणालीगणिक बदलते. लिनक्सवरील जुनी क्रॉन ही कालनियोजनाची व्यवस्था चुकलेली पाळी विसरून जाते. पुढचा महिना, पुढचा पहिला रविवार. त्या रविवारीही यंत्र बंदच असते. इतर काही व्यवस्था चुकलेले काम यंत्र सुरू होताच हाती घेतात, म्हणजे सोमवारी सकाळी दहा वाजता, खिडकीवर रांग असताना. पहिल्या प्रकारात तपासणी होत नाही. दुसऱ्या प्रकारात ती होते, आणि वैतागलेला तंत्रज्ञ आठवड्याभरात ती बंद करून टाकतो. फळ एकच.

सर्वांत सरळ उपाय आठवड्यातून एक रात्र यंत्र चालू ठेवण्याचा. त्यासाठी यूपीएस लागतो, आणि रात्री वीज गेली तर तो काही मिनिटांतच संपतो; तेव्हा वीज फार वेळ गेल्यास यंत्र आपणहून नीट बंद होईल अशी जोडणीही लागते. ती नसेल तर रात्रभर यंत्र चालू ठेवणे म्हणजे ताळा बिघडवण्याची संधी रात्रीलाही देणे होय. जेथे रात्रीची वीज बेभरवशाची आहे तेथे हा उपाय पुस्तकातच शोभतो.

दुसरा उपाय तुकड्यांचा. सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी २००४मध्येच, बहुतांश काळ बंद राहणाऱ्या डिस्कांच्या मोठ्या संग्रहांचा विचार करताना, एक सुचवण मांडली होती. केवळ तपासणीसाठी डिस्क मुद्दाम जागी करू नये. ती दुसऱ्या कामासाठी जागी झालीच असेल तर त्या संधीत तपासून घ्यावी. त्यांच्या डोळ्यांसमोर हजारो डिस्कांचे संग्रह होते. पण संध्याकाळी कुलूप लागणाऱ्या एका खोलीला तो विचार त्यांच्या कल्पनेपेक्षाही चपखल बसतो.

लिनक्सच्या रेड व्यवस्थेत याची सोय आहे. तिच्या अलीकडच्या आवृत्त्यांबरोबर येणारी एक छोटी आज्ञावली तपासणी ठराविक काळ चालवते, थांबवते, कोठे थांबलो हे लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे जाते. तिचा मूळ काळ रात्रीच्या सहा तासांचा असतो. तो बदलून दुपारच्या जेवणाच्या सुटीतील पाऊण तास केला तर काय होते? पाऊण तास म्हणजे २७०० सेकंद. सेकंदाला १५० मेगाबाइट धरले तर रोज ४०५ गिगाबाइट. चारही डिस्का एकाच वेळी वाचल्या जात असल्याने चार टेराबाइटचा संच दहा जेवणांत पुरा होतो. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कार्यालयात दोन आठवड्यांत एक संपूर्ण फेरी, तीही कोणालाही न जाणवता. महिन्यातून एकदा नेमलेल्या आणि कधीच न होणाऱ्या मध्यरात्रीच्या फेरीपेक्षा ही कितीतरी बरी.

कंट्रोलर कार्डाच्या रूपात असेल तर गस्त अर्धवट राहिल्यावर ती पुढे कोठून सुरू होते हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहिलेच पाहिजे. थांबल्या जागेपासून पुढे जाणारा कंट्रोलर असेल तर गस्त दिवसभर मंद गतीने चालू ठेवता येते. हिस्सा ३०वरून १० टक्क्यांवर आणला तरी चालते. दर वेळी आरंभापासून सुरू करणारा असेल तर तो रोज डिस्कचा पहिलाच भाग तपासत राहील आणि शेवटच्या भागाकडे कधीही पोहोचणार नाही. बाहेरून पाहता दोघांच्याही नोंदवहीत 'गस्त सुरू झाली' एवढेच रोज दिसते. म्हणून 'सुरू झाली' ही नोंद पाहून समाधान मानू नये, 'पूर्ण झाली' ही नोंद शोधावी. मुधोळच्या एखाद्या कार्यालयात किंवा डिचोलीच्या एखाद्या वाचनालयात, संगणकातले फारसे न कळणाऱ्या माणसालाही हे करता येते: कंट्रोलरच्या नोंदवहीत गस्तीची आणि ताळ्याची शेवटची 'पूर्ण' तारीख शोधायची आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. तारीखच सापडली नाही तर तेही उत्तरच आहे.

क्रम ठरवताना गस्त आधी आणि ताळ्याची फेरी नंतर ठेवावी, दोन्ही एकाच दिवशी नकोत. डिस्क बदलून पुनर्बांधणी चालू असेल तर दोन्ही पुढे ढकलाव्यात. वीज अचानक गेल्यानंतर मात्र ताळ्याची फेरी वेळापत्रकाची वाट न पाहता पहिल्या सवडीला लावावी. घरी छायाचित्रे साठवण्यासाठी दोन किंवा चार डिस्कांच्या ज्या छोट्या पेट्या आता मिळतात त्यांनाही हे सारे लागू आहे. फरक एवढाच की त्यांपैकी अनेकींत ही तपासणी विकत घेतल्यापासून आपोआप नेमलेली नसते, मालकालाच सेटिंगमध्ये जाऊन ती लावावी लागते. दोषाची खबर पेटी ईमेलने धाडू शकते, मात्र पत्ता भरलेला असेल तर. दुकानदाराने बसवताना स्वतःचाच पत्ता भरून ठेवलेला नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे.